एक घर सोडून

४ फेब्रुवारी

धाकटीस,

तू इथून गेल्यावर आपण फोनवर बोललो, पण खरं सांगायचं तर मला त्यातलं निम्मंच कळलं. सगळी नोकरी लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेली, कानही तिथेच राहिले. मी हो हो म्हणतो आणि समोरच्याला वाटतं याला सगळं समजलं. तुझ्या ताईला हे माहीत होतं, म्हणून ती समोर येऊन बोलायची. तेव्हा आता पत्रच लिहितो. तू दोन ओळी पाठवल्यास तरी चालेल.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. तू कपाटं लावून गेलीस ती तशीच आहेत, मी फक्त माझे मोजे शोधले.

लिहायचं कारण वेगळं आहे. माझी लहान हातोडी बरेच महिने सापडत नव्हती. काल शिवणयंत्र भिंतीपासून ओढलं, तर त्याच्या मागे ती हातोडी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक फळी होती. फळी चौरस आहे, दोन हातांत धरावी लागते. तिच्यावर तपकिरी कापड ताणून चिकटवलंय. कापडावर पितळी चुकांचं, म्हणजे बारीक खिळ्यांचं, मोठं गोल कडं आहे. सगळ्या चुका एका उंचीच्या, एकसारख्या अंतरावर. मी पट्टी लावून पाहिलं. कामात खोट काढायला जागा नाही.

एका चुकेला पिवळट नारिंगी दोऱ्याची गाठ आहे. तिथून दोरा आसपासच्या थोड्या चुकांना फिरलाय आणि थांबलाय. रीळ तिथेच लटकतंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. हे काय आहे? तू तिला असलं काही शिकवत होतीस असं पुसटसं आठवतं.

आणखी एक विचारायचं होतं, पण ते राहू दे.

— भाऊजी


१३ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात आलं तेव्हा मी एका आजोबांच्या फोटोला चौकट बसवत होते. हात थांबला तो थांबलाच. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही हो, बहिणीचा निरोप आहे." तोंडातून तसंच निघालं.

ते दोऱ्याचं चित्र आहे. फळीवर चुका मारायच्या आणि रंगीत दोरा त्यांच्यावरून खेळवायचा. चौकटीच्या धंद्यात चुका आणि फळ्यांचे तुकडे पडलेलेच असतात, म्हणून मला हा नाद लागला. ताई मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली तेव्हा तिलाही लावला. नंतर फोनवर ती त्याबद्दल अधूनमधून बोलायची, पण खरंच घरी करायला घेतलं असेल असं वाटलं नव्हतं. इतक्या चुका ठोकल्या म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं असणार, एक तुम्ही सोडून!

आणि हे काय लिहिलंत, "सगळ्या चुका एका उंचीच्या"? संसारात तुमच्या चुका किती आणि तिच्या किती, हे तुम्ही कधीतरी पट्टी लावून बघाल अशी मला शंका होतीच.

मी तिला शिकवलं ते वर्तुळ. अगदी सोपं. दोरा एका चुकेला बांधायचा, समोरच्या बाजूला, अगदी समोर नाही, थोड्या अलीकडच्या चुकेवर न्यायचा, तिथून शेजारच्या चुकेला वळसा घालून परत फिरायचं. इकडे आलं की पुन्हा शेजारच्या चुकेला वळसा. शेजारी शेजारी करत फेरी पुरी केली की मध्ये आपोआप गोल उमटतो. दोरे सगळे सरळ, पण डोळ्यांना दिसतो गोल. ताईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोटानं चाचपून बघितलं होतं, कुठे वाकलाय म्हणून.

एक कळलं नाही. तपकिरी कापड कुठून आलं? मी तिला काळं दिलं होतं, काळ्यावर दोरा उठून दिसतो. आणि नारिंगी? माझ्याकडे तर ती निळ्याशिवाय दुसऱ्या रंगाला हात लावत नव्हती.

पुरं करा ना तुम्ही. दोरा फार ओढू नका एवढंच.

"राहू दे" म्हणजे काय? माझ्याशी कसला आडपडदा?

— धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटीस,

तू सांगितलंस तसं आधी वेगळ्या फळीवर करून पाहिलं. तिच्या फळीला एकदम हात लावायची हिंमत झाली नाही. तू ओढू नका म्हणालीस, पण माझं आयुष्य लिफ्टच्या दोरांत गेलं. ढिला दोर मला बघवत नाही. अर्ध्या फेरीत सगळ्या चुका आत झुकल्या, लग्नाच्या पंगतीत वाढपी वाकतात तशा. दुसऱ्यांदा हलक्या हातानं केलं. गोल आला. मीही बोटानं चाचपून बघितला. शेजारच्या वकीलसाहेबांना दाखवला, ते म्हणाले, "छान आहे, पण याचं करायचं काय?" मी म्हटलं, बघायचं.

मग तिची फळी पुढे घेतली आणि अडलो. तिचा दोरा समोर जातच नाही. गाठीजवळ घुटमळत एकाच दिशेनं हळूहळू लांब होत जातो. गाठीलगतच्या सगळ्या चुकांना दोरा आहे. पुढे मात्र एका चुकेला आहे, एकीला नाही. मला वाटतं तिची नजर चुकली असावी. शेवटी शेवटी ती दमायची. तू हो म्हणालीस तर तेवढा दोरा सोडवून तुझ्या रीतीनं पुन्हा घालतो. तिची अर्धवट वस्तू चुकीची राहू नये असं वाटतं.

आता राहिलेलं लिहितो. तू विचारलंस म्हणून.

ऑक्टोबरातली गोष्ट. मी बाहेरून आलो तेव्हा ती तुझ्याशी फोनवर बोलत होती. मला आधीचं ऐकू आलं नाही, नंतरचंही नाही. मधलं तेवढं स्वच्छ ऐकू आलं, "घर सोडायचं ठरवलंय." मला पाहून ती हसली आणि तुला म्हणाली, "हे आले, नंतर बोलते."

मी विचारलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. वाटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगेल. त्याच सुमारास ती माझ्यावर ओरडायचीही बंद झाली. संध्याकाळी मी दिव्याखाली शब्दकोडं घेऊन बसतो. चहाचा पेला तळाशी घोटभर ठेवून तिथेच सोडायची माझी खोड. आयुष्यभर ती म्हणाली, "उचला तो पेला, मुंग्या लागतील." तेव्हापासून काही म्हणेना. एकदा मी स्वतःहून उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे." माणूस असं कधी म्हणतं, ते मला कळतं. मग डिसेंबरात दवाखाना लागला आणि सगळंच राहिलं.

आता विचारायला ती नाही, म्हणून तुला विचारतो. ती कुठे जाणार होती? माझा राग नाही. फक्त माहीत असावं असं वाटतं.

— भाऊजी


१६ मार्च

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. दोन वेळा लिहून फाडलं.

तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. ताई आणि मी दिवसाआड बोलायचो, कुठलं बोलणं कुठल्या दिवसाचं हे कसं सांगू? पण एक आहे, आणि ते लपवलं तर मला झोप लागायची नाही. मीच तिला म्हटलं होतं, "ये माझ्याकडे राहायला. दोघी मिळून दुकान सांभाळू. भाऊजी दिवसभर कोड्यात डोकं घालून बसतात, तू भिंतीशी बोलतेस का?" चेष्टेनं म्हटलं होतं, अगदीच चेष्टेनंही नाही.

ती "बघू" म्हणाली. हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. आता तुमचं पत्र वाचल्यावर त्या "बघू"चा काय अर्थ लावायचा ते मला कळत नाहीये.

तिनं तुमच्याबद्दल तक्रार कधी केली नाही. "ह्यांना ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं," असं म्हणायची. तेवढं खरं सांगते.

दोरा सोडवू नका. चुकला असेल तर चुकला असू दे. तिच्या हातचा आहे.

— धाकटी


११ मे

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं होतं. खरं लिहिलंस ते बरं केलंस. त्यानंतर मी फळी चादरीत गुंडाळून पुन्हा शिवणयंत्रामागे ठेवली. हातोडी मात्र बाहेर ठेवली, ती लागते.

मध्यंतरी बरंच काही केलं. नळ बदलले. वकीलसाहेबांच्या घराची बेल दुरुस्त केली. ती आता इतक्या जोरात वाजते की मलासुद्धा ऐकू येते, त्यामुळे ते नाराज आहेत.

पण त्या रिकाम्या चुका डोक्यातून जाईनात. मागच्या आठवड्यात फळी पुन्हा काढली आणि भिंग घेऊन बसलो. धाकटे, मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. दोन दोरे, तीन दोरे पाहिले आणि ठरवून टाकलं की ती चुकली. प्रत्येक दोरा कुठून निघाला आणि कुठे गेला हे कागदावर मांडलं, तेव्हा निराळंच दिसलं. दोऱ्याचं मागचं टोक नेहमी शेजारच्याच चुकेवर सरकतं. पुढचं टोक मात्र दर वेळी मधली एक सोडून पलीकडे जातं. दर वेळी एकच. कधी दोन नाही, कधी शून्य नाही.

लिफ्ट एकदाच मजला सोडून पुढे गेली तर बिघाड समजायचा. रोज तोच मजला सोडून जात असेल तर तिला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. मग तारा तपासायच्या नाहीत, माणसाला विचारायचं. म्हणून तुला विचारतो.

नीट आठवून सांग. मधली एक चूक सोडून पुढच्या चुकेला जाणं, याला तुम्ही दोघी आपसांत काय म्हणायचात? "चूक सोडायची" असं तर कुणी म्हणणार नाही, ऐकायला विचित्र वाटतं. तुमचा काहीतरी शब्द असेल.

फळी सोडवलेली नाही. तू नको म्हणालीस म्हणून.

— भाऊजी


१७ मे

भाऊजी!

घर! घर म्हणायचो आम्ही, घर!

तुमचं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं आणि मोठ्यानं ओरडले. हातातली काच वाचली हे नशीब. आई विणायची ना, तिच्या तोंडी सुईवरच्या टाक्याला "घर". "दोन घरं उलट, एक घर सोड," असं ऐकतच आम्ही दोघी मोठ्या झालो. फळीवर चुका मारायला लागलो तेव्हा तोच शब्द आपसूक आला. चूक म्हटलं की आम्हाला हसू फुटायचं, "माझी चूक सुटली", "तुझी चूक वाकडी". म्हणून घर. एक चूक म्हणजे एक घर. शेजारी जाणं म्हणजे घरोघर जाणं आणि मधली टाकून पुढे जाणं म्हणजे घर सोडणं.

इतकी वर्षं बोलतोय की तो शब्द आहे हेच मला जाणवत नव्हतं. तुम्ही "घर सोडायचं" लिहिलंत आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचा दरवाजा आला, ताईची बॅग आली. फळी आलीच नाही. तुम्ही चुकांबद्दल आणि घराबद्दल एकाच पत्रात विचारलंत, एकाखाली एक, आणि मी दोन वेगळी उत्तरं शोधत बसले. काय म्हणावं मला!

आता थोडं थोडं आठवतंय. ती म्हणाली होती, "तुझं ते घरोघरीचं गोल होतं गं, पण मला गोल नकोय. मला हवंय ते मी रोज बघते, पण धरता येत नाही. मागचं टोक राहू दे घरोघर. पुढच्या टोकाला एक घर सोडायचं ठरवलंय, बघू काय होतं." मी विचारलं, काय बघतेस रोज? तर म्हणाली, "हे आले, नंतर बोलते." आणि नंतर कधी विचारलं तर एकच, "झालं की दाखवीन."

पण भाऊजी, मी एकदा उतावीळपणे अर्थ लावून तुम्हाला दोन महिने छळलंय. पुन्हा तसं करणार नाही. तुम्ही ऐकलंत ते हेच बोलणं होतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मला तसं वाटतं, फार वाटतं. पण खात्री हवी असेल तर ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. दोरा पुढे न्या. मागे घरोघर, पुढे घर सोडून. त्यातून काही नीट आलं, तर ती फळीबद्दलच बोलत होती. काहीच आलं नाही, तर मग आपण दोघं मिळून रडू.

लगेच कळवा. तार असती तर तार करा म्हटलं असतं.

— धाकटी


८ जून

धाकटीस,

लगेच कळवता आलं नाही, कारण काम घाईनं होणारं नव्हतं.

तिनं सोडलं होतं तिथून दोरा उचलला. रीळ तेच. हात हलका ठेवला. एकाही चुकेला झुकू दिलं नाही. मागे घरोघर, पुढे घर सोडून. रोज दुपारी थोडा थोडा. सुरुवातीला वाटलं, नुसता गुंता होतोय. पुढचं टोक दुप्पट धावतं. मागचं निम्म्या वाटेवर असतं तेव्हा पुढच्याची पहिली फेरी पुरी होऊन ते गाठीपाशी पोचतं. तिथे थांबत नाही, पुन्हा निघतं. पुढच्याची दुसरी फेरी आणि मागच्याची पहिली एकाच वेळी संपते आणि दोन्ही टोकं गाठीपाशी भेटतात. माझा विश्वास बसेना म्हणून आधी कागदावर करून पाहिलं होतं. कागदावर कळलं, पण दिसलं नाही. ते फळीवरच दिसलं.

गोल नाही आला. उजेडाची एक कमान आली. गाठीपासून दोन्ही बाजूंनी वाकत जाते आणि पलीकडे दोन्ही बाजू आत वळून एका टोकाला मिळतात. पानाचा देठ जिथे असतो तिथे खोबण असते ना, तशी. दोरे सगळे सरळ. वाकलेलं काहीच नाही. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, हे मी कुठेतरी बघितलंय." मलाही तसंच वाटत होतं, पण कुठे ते आठवेना. ते म्हणाले, "पानच आहे." मी म्हटलं, तपकिरी कापडावर नारिंगी पान ती कशाला करील?

फळी टेबलावर उभी करून ठेवली. तीन संध्याकाळी तिच्यासमोर बसून कोडं सोडवलं, म्हणजे सोडवलं नाही. चौथ्या संध्याकाळी उजेड फळीवर नीट पडावा म्हणून तिचं तोंड पलीकडे फिरवलं. मग ती बघायला मला पलीकडच्या खुर्चीवर, तिच्या खुर्चीवर जाऊन बसावं लागलं. तिच्या जाण्यानंतर त्या खुर्चीवर मी बसलो नव्हतो. तसं काही ठरवलं नव्हतं, पण बसलो नव्हतो.

तिथून दिसलं. फळीवर नाही, पेल्यात. माझा स्टीलचा पेला, तळाशी घोटभर चहा. टेबलावरचा दिवा अगदी त्याच्या कडेशी वाकलेला. दिव्याचा उजेड पेल्याच्या आतल्या भिंतीवर आपटून चहावर उतरत होता आणि चहावर ती कमान पडली होती. तीच. दिव्याकडून दोन्ही बाजूंनी वाकत आलेली आणि पलीकडे आत खोबण घेतलेली. पिवळट नारिंगी, तपकिरी चहावर. मी दिवा हलवला, कमान हलली. पेला फिरवला, ती हलली नाही. फळी हातात घेऊन पेल्याशेजारी धरली. तिनं गाठ मारली आहे ती दिव्याच्या जागी. गाठ म्हणजे दिवा. तिथूनच दोरा निघाला होता.

मी उठून पुन्हा माझ्या खुर्चीवर बसलो. तिथून काही दिसत नाही. वर्तमानपत्राची सावली पडते. इतकी वर्षं मी तिथे बसून कोडी सोडवली आणि माझ्याच पेल्यात काय चाललंय हे मला कधी दिसलं नाही. तिच्या खुर्चीतून ते रोज दिसत होतं.

तू म्हणालीस खात्री फळी पुरी केली की मिळेल. फळीनं सांगितलं. ती घर सोडत होती ते पुढच्या टोकाला.

तू लिहिलेल्या तिच्या "बघू"चंही मी मनावर घेत नाही. ती मलाही तसंच म्हणायची, आणि तिथेच बसायची.

फळीला चौकट तूच कर. पोस्टानं पाठवणार नाही, चुका वाकतील. तूच ये, दुकान दोन दिवस बंद ठेव. फळी भिंतीवर कुठे लावायची ते अजून ठरवलेलं नाही. तुला तिच्या खुर्चीवर बसवीन, मी माझ्या जागी बसेन. तुला ते दिसेल. कसं दिसतं ते तू मला सांग. फक्त जरा मोठ्यानं.

संध्याकाळी चहा झाला की पेला अजून तिथेच ठेवतो. मुंग्या लागतात, लागू देत. आयुष्यभर ती म्हणाली "उचला", आणि त्या ऑक्टोबरात एकदम म्हणायला लागली "राहू दे". मला वाटलं होतं तिनं माझा नाद सोडला. तिला तो पेला तिथे हवा होता.

— भाऊजी